शब्द मोजा, शेवट ओळखा: सी भाषेत आर्ग्युमेंट्सवर लूप फिरवण्याच्या रीती



आपल्या जबलपूरची संदेशवहनाशी जुनी ओळख आहे. १ सिग्नल ट्रेनिंग सेंटर इथेच आहे आणि दूरसंचार खात्यातील लोकांना शिकवणारी भारतरत्न भीमराव आंबेडकर दूरसंचार प्रशिक्षण संस्थाही इथेच. म्हणून आजच्या धड्याची सुरुवात संगणकापासून न करता तारेपासून करू.

जुलै २०१३ मध्ये आपल्या देशातली तारसेवा बंद झाली. तुमच्यापैकी बहुतेकांनी तार पाहिलेली नसेल, आजी-आजोबांना विचारा. तारेच्या मजकुराआधी काही सूचना पाठवल्या जात आणि त्यांत एक आकडा असे: या तारेत शब्द किती. तार घेणारा माणूस शब्द उतरवून घेई, मग ते मोजून त्या आकड्याशी ताडून पाही. मेळ बसला नाही तर पाठवणाऱ्याला पुन्हा विचारी. मोर्सच्या संदेशाला शेवटची खूणही असते: टिंब, रेघ, टिंब, रेघ, टिंब. ही ऐकू आली की संदेश संपला. म्हणजे एकच गोष्ट दोन मार्गांनी कळते. आधी आकडा सांगतो की किती शब्द येणार, आणि नंतर खूण सांगते की शब्द संपले.

सी भाषेतला प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा त्यालाही अशीच एक तार मिळते. तिच्यातही शब्दांचा आकडा असतो आणि शेवटची खूणही असते. ती तार नीट वाचायची कशी, हा आजचा विषय. ज्या पालकांचा सी भाषेशी संबंध आला नसेल त्यांनी कोडच्या ओळी सोडून वाचले तरी मुद्दा लक्षात येईल.

एक सूचना आधीच देतो. आपले हे पान मराठी असल्यामुळे कोडच्या ओळीही उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. मशीनवर लिहिताना त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहायच्या आहेत.

१. प्रोग्रॅमला नेमके काय मिळते?

समजा, नेमबाजीच्या सरावातले गुण मिळवणारा एक छोटा प्रोग्रॅम आपण केला आणि त्याला ‘गुण’ असे नाव दिले. टर्मिनलवर आपण लिहितो:

    ./गुण ८ ९ ७ १०

ही ओळ आधी शेलच्या हाती पडते. शेल मोकळ्या जागा पाहून ओळीचे तुकडे करतो आणि ते तुकडे प्रोग्रॅमला देतो. प्रोग्रॅमचे दार म्हणजे मेन हे फंक्शन. ते असे लिहितात:

    इंट मेन(इंट आर्गसी, कॅर *आर्गव्ही[])

आर्गसी म्हणजे एकूण शब्द किती. आर्गव्ही म्हणजे त्या शब्दांकडे बोट दाखवणाऱ्या पॉइंटरांची रांग. वरच्या उदाहरणात चित्र असे दिसेल:

    आर्गसी = ५
    आर्गव्ही[०] → "./गुण"
    आर्गव्ही[१] → "८"
    आर्गव्ही[२] → "९"
    आर्गव्ही[३] → "७"
    आर्गव्ही[४] → "१०"
    आर्गव्ही[५] → नल

इथे तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली: शून्य क्रमांकावर प्रोग्रॅमचे स्वतःचे नाव असते. संचलनात प्रत्येक तुकडीच्या पुढे तिच्या नावाची पाटी असते, तशी ही पाटी. पाटीला आपण कॅडेट म्हणून मोजत नाही. म्हणून कामाचे शब्द १ पासून सुरू होतात आणि ते आर्गसीपेक्षा एकाने कमी असतात.

दुसरी: रांगेच्या टोकाला नल पॉइंटर असतो. हीच ती शेवटची खूण. १९८९ च्या सी मानकाने तशी हमीच दिली आहे की आर्गव्ही[आर्गसी] हा नल असेल.

तिसरी: "८" हा इथे आकडा नाही, अक्षर आहे. आर्गव्हीतून येणारी प्रत्येक गोष्ट स्ट्रिंग असते. तिचा आकडा करणे आपले काम.

शेल तुकडे कसे करतो हेही माहीत हवे. "दहा मीटर" असे अवतरणचिन्हांत लिहिले तर ते एकच आर्ग्युमेंट होते. चिन्हे काढली की दोन. युनिक्स आणि लिनक्सवर *.टीएक्सटी असे लिहिले तर शेल स्वतःच त्या तारांकित शब्दाच्या जागी जुळणाऱ्या सगळ्या फायलींची नावे भरतो. आपण एक शब्द लिहिला तरी प्रोग्रॅमला शंभर मिळू शकतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे काम शेल करत नाही. म्हणून ‘माझ्या प्रोग्रॅमला चारच आर्ग्युमेंट्स येतील’ असे कधी धरून चालू नका. लूप लागतो तो त्यासाठीच.

२. पहिली रीत: आकड्यावर भरवसा

    फॉर (इंट आय = १; आय < आर्गसी; आय++)
        पुट्स(आर्गव्ही[आय]);

परेडवर ‘गिनती कर’ हा हुकूम मिळतो तशी ही रीत. प्रत्येकाला क्रमांक आहे आणि शेवटचा क्रमांक आधीच ठाऊक आहे. आय हा १ पासून सुरू होतो, कारण शून्यावर पाटी आहे. तो आर्गसीपेक्षा कमी असेपर्यंतच लूप चालतो, कारण आर्गसी क्रमांकावर नल आहे.

ही रीत सर्वांत सरळ आहे. ‘तिसरा शब्द चुकला’ असा क्रमांकासह निरोप द्यायचा असेल, पुढचा किंवा मागचा शब्द पाहायचा असेल, किंवा शेवटच्या शब्दाला वेगळे वागवायचे असेल, तर हीच वापरावी. फॉरच्या कंसातच इंट आय असे घोषित करण्याची मुभा १९९९ च्या मानकापासून मिळाली. त्याआधीच्या कोडमध्ये आय वरती वेगळा घोषित केलेला दिसेल. त्याने गोंधळू नका.

३. दुसरी रीत: खुणेवर भरवसा

    फॉर (कॅर **पी = आर्गव्ही + १; *पी != नल; पी++)
        पुट्स(*पी);

इथे आकडा वापरलेलाच नाही. पी हा पॉइंटर रांगेतून एकेक पाऊल पुढे जातो आणि नल दिसला की थांबतो. पी हा पॉइंटरकडे बोट दाखवणारा पॉइंटर आहे, म्हणून दोन तारे. *पी म्हणजे तो आत्ता ज्याच्यासमोर उभा आहे तो शब्द.

क्रमांकाची गरज नसेल आणि प्रत्येक शब्दावर एकच काम करायचे असेल तर ही रीत सुटसुटीत वाटते. मात्र तिच्यात एक गृहीतक दडले आहे: शून्यावर पाटी आहेच असे धरून आपण तिच्या पुढच्या जागेपासून सुरुवात केली. पाटीच नसेल तर? हा प्रश्न लक्षात ठेवा. आठव्या भागात तो पुन्हा येणार आहे.

४. तिसरी रीत: मोजत मोजत रिकामे करणे

    व्हाइल (--आर्गसी > ०)
        पुट्स(*++आर्गव्ही);

ही जुन्या लोकांची रीत. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये सी भाषा घडवली आणि १९७८ मध्ये ब्रायन कर्निघन यांच्याबरोबर तिचे पुस्तक लिहिले. त्या पुस्तकात ‘एको’ हा प्रोग्रॅम क्रमांकाच्या आणि या अशा दोन्ही रीतींनी करून दाखवला आहे. म्हणून जुन्या युनिक्स कोडमध्ये ही ओळ वारंवार भेटते.

ती अशी वाचायची: आधी आर्गसी एकाने कमी कर, तो शून्यापेक्षा मोठा असेल तर आर्गव्ही एक पाऊल पुढे ने आणि तिथला शब्द छाप. पहिल्याच फेरीत पाऊल पुढे पडते, म्हणून पाटी आपोआप मागे राहते.

आर्गसी आणि आर्गव्ही बदलायला सी भाषेची मनाई नाही. पण लूप संपल्यावर मूळ आकडा गेलेला असतो आणि आर्गव्हीही हललेला असतो. पुढे प्रोग्रॅमचे नाव छापायचे असेल तर ते हाती नसते. नव्या कोडमध्ये ही रीत लिहायचा मोह टाळावा. पण दुसऱ्याचे कोड वाचता यावे म्हणून ती ओळखीची असावी.

५. नेहमी होणाऱ्या चुका

वह्या तपासताना याच चार चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

(अ) आय <= आर्गसी असे लिहिणे. या एका बरोबरच्या चिन्हामुळे लूप नलपर्यंत पोहोचतो आणि तोच छापायला जातो. याचा परिणाम काय होईल हे मानक सांगत नाही. कुठे विचित्र काही छापले जाते, कुठे प्रोग्रॅम कोसळतो. घरच्या मशीनवर चालले म्हणून परीक्षेच्या मशीनवर चालेल असे नाही.

(आ) शून्यापासून सुरुवात करणे. गुणांच्या बेरजेत "./गुण" हा शब्दही मिळवायला जातो. कधीकधी शून्यापासून सुरुवात करणे बरोबर असते, उदाहरणार्थ सगळी कमांड जशीच्या तशी नोंदवायची असेल तर. पण ते ठरवून केलेले असावे.

(इ) साइझऑफने लांबी काढणे. ॲरेची लांबी काढायची साइझऑफची युक्ती तुम्ही शिकला आहात. ती इथे चालत नाही. मेनमध्ये आर्गव्ही दिसायला ॲरे असला तरी प्रत्यक्षात पॉइंटर असतो. भागाकार नेहमी १ येईल आणि तुमचा लूप एकदाही फिरणार नाही.

(ई) == ने स्ट्रिंग ताडणे. आर्गव्ही[आय] == "-क्यू" असे लिहिले तर दोन पत्ते ताडले जातात, अक्षरे नाही. अक्षरे ताडायला स्ट्रकंप हे फंक्शन आहे आणि दोन्ही स्ट्रिंग सारख्या असतील तर ते शून्य देते.

६. शब्दाचा आकडा करताना

आता गुण मिळवू. बरेच जण इथे ॲटॉय हे फंक्शन वापरतात. त्यात धोका आहे. टंकताना कोणी दहाऐवजी एक आणि त्यापुढे इंग्रजी ओ हे अक्षर लिहिले, तर ॲटॉय एकावर थांबते आणि एक हाच आकडा देते. तक्रार काहीच करत नाही. त्या कॅडेटचे नऊ गुण गेले आणि कोणाला कळलेही नाही. म्हणून स्ट्रटोल वापरावे. ते आकडा तर देतेच, शिवाय आपण कुठे थांबलो हेही सांगते. पूर्ण प्रोग्रॅम असा:

    #इन्क्लूड <एसटीडीआयओ.एच>
    #इन्क्लूड <एसटीडीलिब.एच>

    इंट मेन(इंट आर्गसी, कॅर *आर्गव्ही[])
    {
        लाँग बेरीज = ०;

        इफ (आर्गसी < २) {
            एफपुट्स("वापर: गुण अंक अंक ...\एन", एसटीडीएरर);
            रिटर्न १;
        }
        फॉर (इंट आय = १; आय < आर्गसी; आय++) {
            कॅर *शेवट;
            लाँग अंक = स्ट्रटोल(आर्गव्ही[आय], &शेवट, १०);
            इफ (शेवट == आर्गव्ही[आय] || *शेवट != '\०') {
                एफप्रिंटएफ(एसटीडीएरर, "शब्द %डी चुकला: %एस\एन", आय, आर्गव्ही[आय]);
                रिटर्न १;
            }
            बेरीज += अंक;
        }
        प्रिंटएफ("%एलडी\एन", बेरीज);
        रिटर्न ०;
    }

आपल्या उदाहरणाला हा प्रोग्रॅम ३४ असे उत्तर देईल. आता यातला सर्वांत आतला इफ पाहा. ‘शेवट’ हा सुरुवातीच्याच जागी राहिला तर एकही अंक सापडला नाही. तो पुढे गेला, पण स्ट्रिंगच्या अंतापर्यंत पोहोचला नाही, तर अंकाला काहीतरी चिकटलेले आहे. दोन्ही वेळा आपण थांबतो आणि कितवा शब्द चुकला ते सांगतो. क्रमांक सांगायचा होता, म्हणूनच पहिली रीत निवडली.

स्ट्रटोलला दिलेला १० म्हणजे दशमान पद्धत. तिथे शून्य लिहिले तर "०८" सारखा शब्द अष्टमान समजला जातो. अष्टमानात आठ हा अंकच नाही, म्हणून वाचन शून्यावरच थांबते. गुणांच्या आधी शून्य लिहायची सवय अनेकांना असते, तेव्हा १० लिहायला विसरू नका.

७. पर्याय असलेल्या कमांड

खऱ्या कमांडमध्ये नुसते शब्द नसतात; उणे चिन्हाने सुरू होणारे पर्यायही असतात. उदाहरणार्थ -क्यू म्हणजे गुपचूप काम कर, आणि -एन ५ म्हणजे पहिले पाचच गुण घे. हे हाताने वाचायचे तर -एन दिसल्यावर त्यापुढचा शब्द घ्यावा लागतो. इथे चूक होते ती अशी: -एन हाच शेवटचा शब्द असेल तर पुढे नल आहे, आणि आपण तो न पाहता स्ट्रटोलला देतो. म्हणून पुढचा शब्द घेण्याआधी आय + १ < आर्गसी हे तपासा.

युनिक्स आणि लिनक्सवर यासाठी गेटऑप्ट हे तयार फंक्शन आहे. ते सी मानकात नाही, पॉझिक्स मानकात आहे. त्याचा ठरलेला लूप असा:

    इंट सी;
    व्हाइल ((सी = गेटऑप्ट(आर्गसी, आर्गव्ही, "क्यूएन:")) != -१) {
        स्विच (सी) {
        केस 'क्यू': गुपचूप = १; ब्रेक;
        केस 'एन': मर्यादा = ऑप्टआर्ग; ब्रेक;
        डिफॉल्ट: रिटर्न १;
        }
    }
    फॉर (; ऑप्टइंड < आर्गसी; ऑप्टइंड++)
        पुट्स(आर्गव्ही[ऑप्टइंड]);

एन या अक्षरापुढचा विसर्गासारखा दिसणारा कोलन सांगतो की या पर्यायाला किंमत हवी. ती किंमत ऑप्टआर्गमध्ये मिळते; ती स्ट्रिंगच असते, म्हणून मर्यादा हा कॅर पॉइंटर ठेवा आणि आकडा करताना वरचीच काळजी घ्या. अनोळखी पर्याय आला किंवा किंमत राहिली तर डिफॉल्टची ओळ आपल्याला थांबवते. पर्याय संपले की ऑप्टइंड हा उरलेल्या शब्दांपैकी पहिल्याचा क्रमांक दाखवतो आणि तिथून पुढे आपली ओळखीची पहिली रीत सुरू होते.

सी हा इंटच ठेवा, कॅर करू नका. फोनमध्ये आणि रास्पबेरी पायमध्ये असतात त्या आर्म प्रोसेसरवरील लिनक्समध्ये कॅर सहसा उणे किंमत धरत नाही. मग -१ शी तुलना कधीच खरी ठरत नाही आणि लूप थांबत नाही. आणखी एक: गुण उणे असतील, म्हणजे -२ असा शब्द द्यायचा असेल, तर गेटऑप्ट त्याला पर्याय समजेल. त्याआधी -- असा सुटा शब्द दिला की पर्याय तिथे संपतात आणि पुढचे सगळे साधे शब्द मानले जातात.

८. रिकामी तार: एक खरी घटना

तिसऱ्या भागातला प्रश्न आता घेऊ. पाटीच नसेल तर?

तुम्ही म्हणाल, असे होईलच कसे? टर्मिनलवर कमांड लिहिली की तिचे नाव शून्यावर येतेच. खरे आहे. पण प्रोग्रॅम नेहमी टर्मिनलवरूनच सुरू होतो असे नाही. एक प्रोग्रॅम दुसऱ्याला सुरू करू शकतो आणि तेव्हा शब्दांची यादी तो स्वतः देतो. ती यादी पूर्ण रिकामी असू शकते. मग आर्गसी शून्य असतो आणि आर्गव्ही[०] हाच नल असतो. सी मानकातही आर्गसी ‘ऋण नसेल’ एवढेच म्हटले आहे; तो किमान १ असेल असे म्हटलेले नाही.

२५ जानेवारी २०२२ रोजी क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी एक दोष जाहीर केला. या कंपनीचे मोठे कार्यालय आपल्या पुण्यात आहे. दोषाची नोंद सीव्हीई-२०२१-४०३४ या क्रमांकाने झाली आणि लोक त्याला प्वनकिट म्हणू लागले. तो होता पीकेएक्झेक या प्रोग्रॅममध्ये. लिनक्सवर एका वापरकर्त्याला दुसऱ्याच्या, बहुधा रूटच्या, अधिकाराने कमांड चालवू देणे हे त्याचे काम. म्हणजे तो स्वतःच रूटच्या अधिकाराने चालतो. उबुंटू, डेबियन, फेडोरा अशा प्रमुख लिनक्स प्रणालींवर तो आधीपासून बसवलेला असे.

त्याच्या सुरुवातीला आपली पहिली रीतच होती: क्रमांक १ पासून सुरू, आर्गसीपेक्षा कमी असेपर्यंत. यादी रिकामी असताना आर्गसी शून्य, म्हणून लूप एकदाही फिरला नाही. तिथवर सगळे ठीक. पण लूपच्या बाहेर आल्यावर क्रमांक १ च राहिला आणि पुढच्या ओळींनी आर्गव्ही[१] हा चालवायच्या प्रोग्रॅमचे नाव समजून वाचला.

रिकाम्या यादीत आर्गव्ही[१] या जागी काय असते? लिनक्सवर आर्गव्हीच्या नलपाठोपाठ लगेच पर्यावरणचलांची, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची, रांग असते. संचलनात एक तुकडी संपली की मागे दुसरी उभी असते तसे. पीकेएक्झेकने निशाण ओलांडले आणि दुसऱ्या तुकडीतल्या पहिल्याला आपलाच समजून हुकूम दिला. एवढ्यावर थांबले नाही. त्या नावाचा पूर्ण पत्ता शोधून त्याने तो त्याच जागी परत लिहिलाही. रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी धोकादायक पर्यावरणचल प्रणाली सुरुवातीलाच काढून टाकते; या लिखाणामुळे ते मागच्या दाराने परत आत आणता येऊ लागले. परिणाम असा की त्या मशीनवर साधे खाते असलेला कोणीही रूट होऊ शकत होता.

हा दोष मे २००९ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून तिथे होता. बारा वर्षांहून अधिक काळ तो सर्वांच्या डोळ्यांसमोर होता, कारण कोड सर्वांना वाचायला खुले होते. दुरुस्ती मात्र अगदी छोटी होती: सुरुवातीलाच पाहा की आर्गसी १ पेक्षा कमी आहे का, असेल तर बाहेर पडा. त्याच वर्षी लिनक्स कर्नलच्या ५.१८ या आवृत्तीनेही पाऊल उचलले. यादी रिकामी असेल तर कर्नल आता स्वतः एक रिकामी स्ट्रिंग शून्यावर ठेवतो, म्हणजे आर्गसी किमान १ होतो.

आता आपल्या तीन रीती या कसोटीवर लावा. आर्गसी शून्य असताना पहिली रीत फिरतच नाही. लूपपुरती ती सुरक्षित. तिसऱ्या रीतीत आर्गसी -१ होतो, तीही फिरत नाही. दुसरी रीत मात्र नल ओलांडून पुढच्या जागेपासूनच सुरुवात करते आणि दुसऱ्या तुकडीत शिरते. ती वापरायची तर आधी आर्गसी तपासलाच पाहिजे. आणि पीकेएक्झेकचा धडा असा की पहिली रीत वापरली तरी लूप संपल्यावर तोच क्रमांक पुन्हा वापरायचा असेल, तर तिथेही तपासणी हवी.

९. मग लिहायचे कोणते?

नियम म्हणून एवढे ठेवा. सुरुवातीलाच आर्गसी तपासा आणि पुरेसे शब्द नसतील तर वापर कसा करायचा ते सांगून १ परत करा. क्रमांक हवा असेल किंवा शंका असेल, तर पहिली रीत. क्रमांक नको आणि तपासणी झालेली आहे, तर दुसरी चालेल. पर्याय असतील तर गेटऑप्ट आणि त्यामागून पहिली रीत. तिसरी ओळखा, पण नव्याने लिहू नका.

ठरलेल्या रीतीनेच लिहावे असा आग्रह का? यापेक्षा वेगळा लूप लिहिला तरी तो चालतो. पण ड्रिलमध्ये हुकूम ठरलेल्या शब्दांतच का देतात ते आठवा. ‘दाहिने देख’ म्हटले की कोणी विचार करत बसत नाही. तसेच आय = १ आणि आय < आर्गसी हे शब्द दिसले की वाचणाऱ्याला सुरुवात आणि शेवट बरोबर आहेत हे एका नजरेत कळते आणि त्याचे लक्ष खऱ्या प्रश्नाकडे मोकळे राहते. कोणी विनाकारण आय = ० किंवा आय <= आर्गसी लिहिले असेल तर तेही लगेच डोळ्यांत खुपते.

सरावासाठी

१. आर्ग्युमेंट्स उलट्या क्रमाने छापणारा प्रोग्रॅम लिहा. लूप कुठून सुरू होईल आणि कुठे थांबेल, ते आधी कागदावर लिहा.

२. सगळे शब्द एका ओळीत, मध्ये स्वल्पविराम देऊन छापा. शेवटच्या शब्दानंतर स्वल्पविराम नको. पहिली आणि दुसरी, दोन्ही रीतींनी करून पाहा; कोणती सोपी गेली?

३. सर्वांत लांब शब्द शोधा. एकही शब्द दिला नाही तर तुमचा प्रोग्रॅम काय करतो?

४. ‘गुण’ मध्ये ० ते १० च्या बाहेरचा आकडा नाकारा आणि कितवा शब्द चुकला ते सांगा.

५. ‘गुण’ ला -एन हा पर्याय जोडा. मग मुद्दाम -एन हाच शेवटचा शब्द देऊन पाहा.

६. मित्राच्या वहीतला कोणताही एक लूप घ्या आणि त्याला तारेचे तीन प्रश्न विचारा: पहिला शब्द कोणता, शेवट कशावरून कळतो, आणि तार रिकामी आली तर काय? तिसऱ्याचे उत्तर कोडमध्ये दिसत नसेल तर तपासणीची ओळ कुठे घालायची ते त्याला दाखवा.